धुळ्याच्या फिक्या पेशी

"मॅडम, धुळ्याच्या पेशी फिक्या आहेत," हर्षाली म्हणाली.

मी नुकतीच डार्करूममधून बाहेर आले होते आणि चष्मा शोधत होते. चष्मा डोक्यावरच होता.

"फिक्या म्हणजे?"

"जळगावच्या स्लाइड चमकतात. धुळ्याच्या चमकत नाहीत. मी आज कोड उघडले."

तिने लॅपटॉप पुढे केला. दोन रांगा होत्या. एक जळगावची, एक धुळ्याची. इतका स्वच्छ फरक मी चौतीस वर्षांच्या नोकरीत फार थोड्या वेळा पाहिला होता. जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा कुठेतरी घोळ निघाला होता. पण हे मी लगेच बोलले नाही. मी रिटायर झालेली बाई. आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात जाऊन स्लाइड वाचून देते. मला खुर्ची देतात, चहा देतात. आणि मी खडूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे फारसं कोणी जवळ येत नाही.

आधी हे काम काय होतं ते सांगते. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या एका जातीला लिंफोसाइट म्हणतात. शरीराच्या पहाऱ्याचं काम त्यांच्याकडे. त्यांच्यात पुन्हा पोटजाती आहेत: टी, बी आणि एनके. तिघींची कामं वेगळी, पण साध्या मायक्रोस्कोपखाली त्या बहिणी-बहिणी दिसतात. गोल, निळ्या, कोण कोणती ते कळत नाही. म्हणून त्यांच्या अंगावरच्या खुणा बघाव्या लागतात. या खुणांना आम्ही मार्कर म्हणतो. प्रत्येकीला नंबर असतो, आणि नंबराच्या आधी 'सीडी' लावायचं.

बहुतेक मार्कर प्रथिनांचे असतात. काही मात्र ग्लायकोलिपिडचे, म्हणजे साखर आणि स्निग्ध पदार्थ यांच्या जोडीचे. पेशीवरचा पापुद्रा म्हणजे तुपाचा पातळ थर समजा. प्रथिनाची खूण ही त्या थरातून आरपार ठोकलेल्या खिळ्यासारखी. ग्लायकोलिपिडची खूण म्हणजे तुपावर बसलेला साखरेचा दाणा, आणि दाण्याचा खालचा भाग तुपाचाच. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड यातूनच झाली.

हर्षाली पीएचडी करत होती. मूळची सावद्याची, घरी केळीची बाग. विषय असा, की सांधे सुजणाऱ्या संधिवातात लिंफोसाइटवरच्या ग्लायकोलिपिड खुणा बदलतात का. टी पेशींसाठी सीडी ६०, बी पेशींसाठी सीडी ७७, एनके पेशींसाठी सीडी ५७. निम्मे रुग्ण जळगावचे, निम्मे धुळ्याचे. दोन्हीकडे तुलनेला काही धडधाकट माणसंही घेतलेली. रक्तातून लिंफोसाइट वेगळ्या करायच्या, काचेवर पसरायच्या, वाळवायच्या, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवायच्या. मग त्यांवर चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी टाकायची. खूण असेल तिथे अँटिबॉडी चिकटते आणि पेशी हिरवी चमकते. किती चमकते ते मी वाचायचं. कोणती स्लाइड कुठली, हे मला सांगायचं नाही. नाव कळलं की डोळा लबाडी करतो.

जळगावच्या स्लाइड हर्षाली स्वतः करायची. धुळ्याच्या तिथल्या लॅबमधले सीनिअर टेक्निशियन उखा नाना करायचे. उखा नाना माझ्याच हाताखाली तयार झालेले. जळगावला येण्याआधी मी धुळ्याच्या त्या लॅबमध्ये आठ वर्षं होते. दर गुरुवारी हर्षाली एसटीने धुळ्याला जायची आणि आइसबॉक्समध्ये स्लाइड घेऊन यायची.

आता या धुळ्याच्या स्लाइडवर सीडी ६० फिका होता आणि सीडी ७७ जवळजवळ गायब.

हर्षालीचे गाइड छाजेड सर खूश झाले. माणूस हुशार, कामसू, पण उतावळा. पुण्याच्या एका कॉन्फरन्सला त्यांनी त्याच आठवड्यात सारांश पाठवून दिला. खानदेशातल्या दोन जिल्ह्यांत लिंफोसाइटवरच्या ग्लायकोलिपिडमध्ये फरक, असं काहीतरी भारदस्त शीर्षक होतं.

"कारण काय देणार?" मी विचारलं.

"पाणी असू शकतं. धुळ्याचं पाणी जड आहे."

"जळगावचं काय हलकं आहे?"

"आहार असेल. आपल्याकडे केळी, तिकडे बाजरी."

"सर, केळी खाऊन सीडी ६० वाढत असता तर हर्षालीच्या घरचे अंधारात चमकले असते."

हर्षाली हसली आणि लगेच गप्प झाली. सर हसले नाहीत. "मॅडम, डेटा आहे. डेटा नाकारता येत नाही."

"नाकारत नाही. पण धुळ्याचे धडधाकट लोकसुद्धा फिके आहेत. म्हणजे फरक संधिवाताचा नाही, गावाचा आहे. आणि गाव बदललं म्हणून माणसाच्या पेशी बदलत नाहीत."

"मग दाखवा चूक. चार महिन्यांत थीसिस जायचा आहे."

हे खरं होतं. हर्षालीची एक मुदतवाढ घेऊन झाली होती. दुसरी हवी तर प्रगती समितीपुढे जावं लागणार होतं, आणि समिती पहिला प्रश्न विचारते तो हाच, की उशीर कोणामुळे झाला. उमेदवाराच्या निष्काळजीपणामुळे झाला असं ठरलं, तर रजिस्ट्रेशन रद्द. पोरीची तीन वर्षं पाण्यात.

आम्ही कामाला लागलो. पहिला संशय अँटिबॉडीवर. दोन्हीकडच्या स्लाइडना एकाच बाटलीतली, एकाच दिवशी लावलेली. तो संशय गेला. दुसरा संशय प्रवासावर. एप्रिलचं ऊन, एसटी, बर्फ वितळला असेल. मी हर्षालीला जळगावच्याच चार न रंगवलेल्या स्लाइड आइसबॉक्समध्ये घालून धुळ्याला पाठवलं आणि तसंच परत बोलावलं. पारोळ्याजवळ गाडी पंक्चर झाली, त्यामुळे तास-दीड तास जास्तच लागला. परत आल्यावर त्या रंगवल्या, तर नेहमीसारख्याच चमकल्या. प्रवास निर्दोष.

तिसरी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. सीडी ५७ धुळ्याच्या स्लाइडवर बऱ्यापैकी ठीक होता. आणि सीडी ३, जो निव्वळ प्रथिनाचा मार्कर, आम्ही फक्त पडताळ्यासाठी लावायचो, तो तर झकास. म्हणजे पेशी चांगल्या, अँटिबॉडी चांगल्या, फक्त काही खुणाच गेलेल्या. कोणत्या? जितकी खूण तुपातली, तितकी जास्त गेलेली. सीडी ५७ ची साखर प्रथिनांवरही बसते, म्हणून ती टिकली. हे मी हर्षालीला फळ्यावर काढून दाखवलं, पण का ते मला सांगता येईना. या विषयावर मी बीएस्सीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे. लाज वाटते लिहायला, पण नाही आलं लक्षात.

शेवटी मी म्हटलं, माझंच रक्त घ्या. सोमवारी जळगावला द्यायचं, बुधवारी धुळ्याला द्यायचं. माणूस तोच, आठवडा तोच.

सोमवारी हर्षालीने घेतलं. बुधवारी आम्ही दोघी कॉलेजच्या गाडीने धुळ्याला गेलो.

उखा नाना दारातच उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना मिशी फुटत होती. आता ती पांढरी झाली होती आणि रिटायरमेंटला चार महिने उरले होते. बाकी लॅब बदलली होती. फरशा नव्या, मशीन नव्या, एसी लागलेला. फक्त सिंकच्या वर, स्टेनिंगच्या ओट्यासमोर एक पाटी तशीच होती. पुठ्ठ्यावर निळ्या मार्करने लिहिलेली, वरून प्लॅस्टिक चढवलेलं.

*स्लाइड वाळली की आधी मिथेनॉल. (जाडा थेंब सोडून.) विचारत बसू नये. करावे.*

अक्षर माझं.

"अजून आहे ही?" मी म्हटलं.

"काढू कशी, मॅडम? तुमना हातनं लिखेल शे," नाना म्हणाले.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं. रिटायर झाल्यावर आपली आठवण म्हणून कोण काय ठेवतं?

नानांनी माझं रक्त घेतलं. सुई कळलीसुद्धा नाही. मग त्यांनी ते फायकॉल नावाच्या द्रावणावर अलगद सोडलं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. असं फिरवलं की लाल पेशी तळाला बसतात आणि लिंफोसाइटची मध्ये एक पांढुरकी रिंग तयार होते. ती रिंग पिपेटने उचलायची, वरचं-खालचं काही न घेता. नानांनी ती एका दमात उचलली. पिपेट हलली नाही, रिंग मोडली नाही. हर्षाली मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होती.

"ज्युनिअरना दाखवेन," ती म्हणाली.

"दाखव. तुम्हा मशीनवाल्यांना हे जमायचं नाही," मी म्हटलं.

नानांनी स्लाइड केल्या, वाळवल्या, फॉइलमध्ये गुंडाळल्या. मी दोन हात अंतरावर उभी होते. सगळं नीट झालं. मला एकही चूक दिसली नाही. येताना एरंडोलला आम्ही चहाला थांबलो तेव्हा मी हर्षालीला म्हटलं, "नानांच्या हातात दोष नाही. दोष दुसरीकडे शोध."

शुक्रवारी सीडी ६० आणि सीडी ७७ साठी रंगवलं. कोड लावून आठ स्लाइड माझ्यापुढे ठेवल्या. चार चमकल्या, चार फिक्या. हर्षालीने कोड उघडला. फिक्या चारही बुधवारच्या, धुळ्याच्या.

"दोन दिवसांत माझ्या पेशींची साखर उतरली," मी छाजेड सरांना फोन करून सांगितलं. "आणि मी तिथं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. बाटली घरून नेली होती."

 सर म्हणाले, "म्हणजे हाताळणीत आहे."

"हाताळणीत आहे. पण मी समोर उभी होते आणि मला काही दिसलं नाही."

"व्हिडिओ आहे ना?" मागून हर्षाली म्हणाली.

आम्ही तो लॅपटॉपवर लावला. रिंग, पिपेट, धुणं, काचेवर पसरणं, पंख्याखाली वाळवणं. मग नानांनी वाळलेली स्लाइड चिमट्यात धरली, ओट्यावरच्या बरणीत बुडवली, ओठ हलवत दहापर्यंत मोजलं, बाहेर काढली, आणि फॉइल.

हर्षालीने व्हिडिओ थांबवला. "मॅडम, ही बरणी कसली?"

"मिथेनॉलची. दुसरी कसली असणार?"

हे वाक्य माझ्या तोंडातून गेलं आणि मी व्हिडिओ मागे नेऊन तेवढाच भाग पुन्हा पाहिला.

मिथेनॉल म्हणजे एक प्रकारचा अल्कोहोल. रक्ताच्या साध्या स्लाइडसाठी तो उत्तम. पेशी काचेला घट्ट बसतात, मग रंग द्या, महिनाभर ठेवा, काही होत नाही. आमच्या वेळी मलेरियाच्या स्लाइड खेड्यापाड्यांतून यायच्या. एका पावसाळ्यात अख्खा गठ्ठा दमटपणाने खराब झाला, काही स्लाइडवरचं रक्त माश्यांनी खाल्लं. तेव्हा मी ती पाटी लावली होती. (मलेरियासाठी काचेवर रक्ताचा एक जाडा थेंबही घेतात, तेवढ्याला मिथेनॉल लावायचं नसतं.) पण मिथेनॉल प्रथिनं थिजवतो आणि स्निग्ध पदार्थ विरघळवतो. खिळे जागच्या जागी राहतात, तूप निघून जातं आणि तुपाबरोबर वर बसलेला साखरेचा दाणाही. प्रोटीन मार्कर बघायचे तर मिथेनॉल चालतो. ग्लायकोलिपिड बघायचे तर तो पुरावाच धुऊन टाकतो. हर्षाली जळगावच्या स्लाइड मिथेनॉलमध्ये बुडवत नव्हती, कारण तिच्या प्रोटोकॉलमध्ये ते नव्हतं. नाना बुडवत होते, कारण प्रोटोकॉलमध्ये बुडवू नका असंही नव्हतं.

आणि मी? मी दोन हात अंतरावरून ते पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांना ती पायरी दिसलीच नाही, कारण ती माझीच सवय होती. दुसऱ्याची असती तर मी ओरडून लॅब डोक्यावर घेतली असती.

हर्षाली माझ्याकडे बघत होती. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण ती बोलली नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल.

छाजेड सरांनी दुसऱ्याच दिवशी कॉन्फरन्सला पत्र पाठवून सारांश मागे घेतला. ते त्यांना जड गेलं, पण घेतला. उतावळा असला तरी माणूस सरळ आहे. मग त्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं.

"धुळ्याची सगळी सॅम्पल पुन्हा करावी लागतील. सहा महिने लागतील. समितीला रिपोर्ट द्यायचा आहे. मॅडम, तो तुम्ही लिहा, तुमच्या शब्दाला वजन आहे. चूक कशी झाली आणि कोणाकडून, दोन्ही लागेल."

"माझी चूक आहे, सर," हर्षाली म्हणाली. "प्रोटोकॉल मी लिहिला होता. 'मिथेनॉल नको' असं मी लिहायला हवं होतं."

"तसं लिहिलं तर तू गेलीस," सर म्हणाले. "उमेदवाराचा निष्काळजीपणा म्हणतील. टेक्निशियनने प्रोटोकॉल सोडून पायरी केली, हे खरं कारण आहे. त्यांच्याकडून तसं लेखी घ्या."

ऐकायला बरोबर होतं. वाचायलाही बरोबर वाटलं असतं. कागदावर नसलेली पायरी नानांनी केली होती, यात खोटं काय? मी हो म्हटलं. पण फोनवर असली गोष्ट सांगायची नसते, म्हणून मी सोमवारी एकटीच एसटीने धुळ्याला गेले.

नाना माझी वाट बघत होते. मी सगळं सांगितलं. ग्लायकोलिपिड, तूप, मिथेनॉल, सहा महिने. ते उभ्याउभ्या ऐकत राहिले. मग स्टुलावर बसले. माझ्यासमोर ते कधी बसत नसत.

"म्हंजे पोरीना बठ्ठा काम वाया गया?" त्यांनी विचारलं.

"धुळ्याचं सगळं."

त्यांनी ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. "मी लिखी देस. मनी चूक. मना काय, चार महिना ऱ्हायनात."

अख्ख्या नोकरीत या माणसाला एक मेमो मिळालेला नव्हता. शेवटच्या चार महिन्यांत पहिला मिळणार, तोही माझ्या हातून. मला वाईट वाटत होतं, आणि मला वाईट वाटलं की मी चिडते.

"पण नाना, तुम्ही विचारायचं तरी होतं! कागदावर नाही ते करायच्या आधी एकदा विचारावं ना माणसानं!"

नानांनी पेन खाली ठेवलं.

"मी इचारं व्हतं, मॅडम."

"कोणाला?"

"पोरीले. पहिलाच दिन. म्हनतं, कागदवर मिथेनॉल लिखेल नही, करू का नको? ती बोलनी, मॅडमले इचारीसन सांगस. दुसरा दिन तिना फोन उना, 'करा' म्हने."

 मग मला तो कॉरिडॉर आठवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी घाईत होते, हातात ट्रे होता. हर्षाली मागून आली. "मॅडम, नाना विचारत होते, स्लाइड वाळल्यावर मिथेनॉल करायचं का?" आणि मी न थांबता म्हटलं होतं, "हे काय विचारायचं असतं? स्लाइड आहे ना? मग करायचं. दुसऱ्या वर्षाला आलीस, अजून हे विचारतेस?" कोणत्या स्लाइड, कशासाठी, हे मी विचारलं नाही. मी नानांना खूप वर्षांपूर्वी पाटीवर जे सांगितलं होतं, तेच तिला तोंडी सांगितलं. विचारत बसू नये. करावे.

तिने ते नानांना कळवलं. पण स्वतःच्या जळगावच्या स्लाइडना ती प्रोटोकॉलप्रमाणेच करत राहिली. तिला वाटलं (हे तिने मला नंतर सांगितलं), मॅडम धुळ्याच्या लॅबपुरतं सांगतायत, तिथली काही वेगळी गरज असेल. पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही. आणि व्हिडिओ थांबवून तिने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तिला हे सगळं आठवलं होतं. केबिनमध्ये ती "माझी चूक" म्हणाली, तेव्हाही. एका अवाक्षरानेही तिने माझं नाव घेतलं नाही. नानांनीही मी चिडेपर्यंत घेतलं नव्हतं.

मला फार शरम वाटली. इतकी, की मी नानांकडे न बघता पाण्याचा नळ सुरू केला आणि हात धुतले. हातांना काहीही लागलेलं नव्हतं.

"तो कागद आत ठेवा," मी म्हटलं.

"पन सरले लेखी..."

"लेखी मी देते."

रिपोर्ट मी त्याच संध्याकाळी घरी बसून लिहिला. दीड पान. तांत्रिक भाग आधी. मग शेवटचा परिच्छेद: टेक्निशियनने प्रोटोकॉलमधील त्रुटीबद्दल पहिल्याच दिवशी विचारणा केली. उमेदवाराने ती विचारणा माझ्यापर्यंत पोचवली. मी नमुन्याचा प्रकार न विचारता चुकीची सूचना दिली. दोघांनी ती पाळली. खाली माझी सही.

छाजेड सरांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, हे असंच द्यायचं?"

"असंच."

"तुमचं नाव खराब होईल."

"मी रिटायर झालेली आहे, सर. मला कोण मेमो देणार? आणि हे खरं आहे. तुम्ही म्हणाला होता ना, डेटा नाकारता येत नाही."

समितीत मला बोलावलं. बाहेरून आलेले एक सदस्य होते, तरुण, टाय लावलेले. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्यासारख्या अनुभवी व्यक्तीकडून ही इतकी प्राथमिक चूक कशी झाली?"

"अनुभवामुळेच," मी म्हटलं. "नवीन माणसानं पुस्तक उघडून पाहिलं असतं."

दहा मिनिटांत मी बाहेर आले. सहा महिने मिळाले. हर्षाली कॉरिडॉरमध्ये उभी होती. तोच कॉरिडॉर. मी तिला सांगितलं आणि म्हटलं, "तू तेव्हाच मला सांगायचं होतंस."

"तुम्ही चिडला असता."

"आताही चिडलेच आहे."

"हो, पण आता वेगळं चिडलात," ती म्हणाली आणि रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला असल्या वेळी काय बोलायचं ते येत नाही, म्हणून मी विचारलं की फ्रीझरमध्ये जागा केली का.

धुळ्याच्या रुग्णांना पुन्हा बोलावणं सोपं नव्हतं. एकदा रक्त देऊन गेलेला माणूस पुन्हा सुई टोचून घ्यायला कशाला येईल? पण नाना म्हणाले, "बठ्ठासले मी फोन करस. बठ्ठा येतीन." आणि त्यांनी केले. शिरपूरची एक आजी तर नातसुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "मनं रगत खराब करं का रे तुम्ही?" नाना म्हणाले, "नही वं माय, रगत चांगलं शे. आमनं डोकं खराब व्हतं." आजीने खुशीने हात पुढे केला. दोन-तीन सोडून सगळे आले. नानांच्या रिटायरमेंटनंतरची शेवटची आठ सॅम्पल करायला ते रोज घरून डबा घेऊन येत होते. त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं.

निकाल लागला तो असा. धुळ्याच्या आणि जळगावच्या पेशींत काडीचाही फरक नाही. पाणी, बाजरी, केळी, सगळं निर्दोष. संधिवाताच्या रुग्णांत टी पेशींवरच्या सीडी ६० मध्ये थोडा फरक दिसला, फार नाही, पण दोन्ही गावांत सारखाच. म्हणून तो खरा मानायला हरकत नव्हती. थीसिसमध्ये एक प्रकरण मिथेनॉलवर आलं. परीक्षकांना तेच सगळ्यांत जास्त आवडलं, असं सर म्हणाले. हर्षाली आता डॉक्टर झाली आहे. तिच्या वडिलांनी माझ्या दारात केळीचा एक आख्खा घड आणून टाकला. मी एकटी राहते. चार दिवस सगळ्या सोसायटीने केळी खाल्ली.

नानांच्या निरोप समारंभाला मी गेले होते. हार, शाल, नारळ झाल्यावर मी लॅबमध्ये गेले आणि ती पाटी काढायला स्टूल ओढलं. नाना मागे येऊन उभे राहिले.

"काढू नका, मॅडम. मलेरियानं काम चालूच शे."

तेही खरं होतं. पाटीवरचं वाक्य चूक नव्हतंच. मी प्लॅस्टिक काढलं, खिशातून मार्कर काढला आणि खाली लिहायला लागले: *ग्लायकोलिपिड मार्करच्या स्लाइडला मिथेनॉल लावू नये.*

"कारन बी लिखा," नाना म्हणाले.

"एवढी जागा कुठे आहे?"

"मंग वरलं पुसा."

त्यांनी बोटाने दाखवलं ते 'विचारत बसू नये. करावे.' हे होतं.  तीस वर्षांपूर्वीची शाई पाण्याने निघेना. नानांनी ओट्यावरच्या बरणीतून कापसाचा बोळा भिजवून आणला. मिथेनॉलने एका फटक्यात निघाली. त्या जागेवर मी कारण लिहिलं.